९३ बिऱ्हाडांचा चित्रकार

टोकियोतलं र्‍योगोकु स्टेशन. सुमो कुस्तीचा मोठा आखाडा इथलाच, त्यामुळे बरीच गर्दी तिकडे वळते. आपण दुसऱ्या बाजूनं निघालोय. या रस्त्याचं नाव होकुसाई-दोरी.

मुलांच्या बागेला लागून ही चंदेरी इमारत दिसते. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि मध्येच तिरक्या चिरा. पत्र्यात शेजारची घरं उमटतात, पण पुसट. २०१६ साली उघडलेलं हे सुमिदा होकुसाई संग्रहालय. वास्तुकार काझुयो सेजिमा.

चित्रकार कात्सुशिका होकुसाई १७६० साली याच भागात जन्मला. ८८ वर्षांच्या आयुष्यात त्यानं ९३ वेळा बिऱ्हाड हलवलं, असं सांगतात. खोली पसाऱ्यानं भरली, की आवरण्यापेक्षा नवी बघणं त्याला सोपं वाटे म्हणे!

आत गेल्यावर नजर शोधते ती लाट, लाकडी ठशांनी छापलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र. १८३१च्या सुमाराची. नखं काढलेला फेस, खाली तीन होड्या, आणि मागे एवढासा फुजी पर्वत. हा गडद निळा युरोपातून आलेला, तेव्हा जपानात नवाच. फुजीच्या या मालिकेचं नाव ‘छत्तीस दृश्यं’, पण चित्रं ४६. मागणीच एवढी, की दहा वाढवावी लागली.

यातलं मूळ चित्र कुठलं? तसं काही उरतच नसे. चित्रकारानं पातळ कागदावर रेखाटलेलं चित्र चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि कारागिरानं रेघांच्या कडेनं लाकूड कोरत जायचं. कोरता कोरता कागदही जायचा. मग रंगागणिक वेगळा ठसा. फळीच्या कडेला दोन खाचा असतात, कागद दर वेळी त्यांतच बसवायचा. केसभर सरकला, तर निळा रेघेबाहेर! एवढ्या हातांच्या कामावर आपण नाव एकट्या होकुसाईचं घेतो.

उजेडानं हे रंग विटतात, म्हणून कायमच्या दालनात बहुतेक प्रतिकृतीच आहेत. थोडी निराशा होते, खरं सांगायचं तर.

पण मग ही खोली येते. एका शिष्याच्या रेखाटनावरून उभी केलेली. ऐंशी ओलांडलेला होकुसाई पाठीवर रजई ओढून जमिनीवर ओणवा झालाय. शेजारी मुलगी ओई, तीही चित्रकार. भोवती कागदांचा पसारा. पुतळेच आहेत, हे कळत असतं.

तेवढ्यात म्हाताऱ्याचा कुंचल्याचा हात हलतो.