पोर्ट म्हणजे दार नव्हे

आजचा जाहीर झालेला विषय ‘घरच्या नेटवर्कची फायरवॉल’, म्हणजे ये-जा करणारा डेटा तपासून नको तो अडवणारी चौकी, असा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे; मात्र त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्या. पोर्टला ‘दार’ म्हणणे आपण थांबवले पाहिजे. दार उघडे आहे म्हटले की माणसाला धडकी भरते. प्रत्यक्षात पोर्ट हा डेटाच्या पाकिटावर लिहिलेला सोळा बिटांचा आकडा आहे, ० ते ६५५३५ यांपैकी कोणताही. सुरक्षित वेबसाठी ४४३, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएससाठी ५३, असा संकेताने ठरलेला. त्या आकड्यावर एखादा प्रोग्राम कान देऊन बसला असेल तरच पोर्ट उघडा. ऐकणाराच नसेल तर बाहेरून खुशाल हाका माराव्यात. आपल्यापैकी जे ६५५३६ कुलपांचा हिशेब करत असतील, त्यांनी वही मिटली तरी चालेल.

हे मला नीट कळले ते एका कॅमेऱ्यामुळे. घरातला कॅमेरा बाहेरून दिसावा म्हणून मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लिहिला: ८४४३ वर येईल ते १९२.१६८.१.२० या कॅमेऱ्याच्या घरातल्या पत्त्याकडे पाठवावे. काही दिसेना. मदतकेंद्रावरच्या सज्जनांनी फायरवॉल बंद करायला सांगितली, केली. राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितला, केला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सज्जनांनी हाच विधी पहिल्यापासून करवून घेतला. तिसऱ्या संध्याकाळी ‘डीएमझेड’ सुरू करण्याचा सल्ला मिळाला, म्हणजे ज्या पाकिटांचा धनी सापडत नाही ती सगळी एकट्या कॅमेऱ्याच्या अंगावर सोडायची. त्या रात्री राउटरच्या माहितीपानावर सहज नजर गेली, तर त्याचा बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होत होता. हे पत्ते २०१२ साली इंटरनेट सेवादात्यांच्या अंतर्गत जाळ्यासाठी राखून ठेवलेले आहेत. माझ्या राउटरच्या वर सेवादात्याचे आणखी एक यंत्र अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवत होते. पाकीट माझ्यापर्यंत पोचतच नव्हते, आणि मी तीन दिवस न आलेल्या पाहुण्यासाठी दाराची कडी काढत होतो. पाहा, शेवटी मीही दारच म्हणालो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा मूळ विषय घाईने. नॅट करणारा, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवणारा, राउटर आतून सुरू झालेल्या संपर्कांची नोंद ठेवतो. नोंदीशी न जुळणारे पाकीट कोणाला द्यावे हे त्याला ठाऊकच नसते, म्हणून ते टाकले जाते. हे अज्ञानातून मिळालेले संरक्षण झाले. फायरवॉलही नोंद पाहते, पण ती पत्ता ठाऊक असूनही नकार देते. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, घरातल्या प्रत्येक यंत्राला जागतिक पत्ता मिळू शकतो, तेथे अज्ञान कामी येत नाही. तेथे फायरवॉल बंद ठेवणे म्हणजे प्रत्येक ऐकणारा प्रोग्राम उघड्यावर बसवणे. राउटरमधल्या यूपीएनपी या सोयीमुळे उपकरणे आपल्याला न विचारता फॉरवर्डिंगचे नियम लिहून घेतात, म्हणून गरज नसेल तर ती बंद करावी. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने कॅमेरे काबीज केले ते टेलनेट या दुरून आज्ञा देण्याच्या जुन्या सोयीच्या २३ क्रमांकावर, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून.

माझा कॅमेरा आता बाहेर मांडलेला नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता मिळवून मी फक्त वायरगार्डचा, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याच्या कूटबद्ध बोगद्याचा, ५१८२० हा पोर्ट पुढे पाठवला आहे. ओळख न पटलेल्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तेथे कोणी ऐकत बसले आहे याचा पत्ता लागत नाही.