गाडी दारात, चावी सर्व्हरवर

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. सीताबर्डीच्या रस्त्यालगत उन्हात उभ्या गाड्या.]

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात पारा ४५ च्या पुढे सरकतो. उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, सीटबेल्टच्या बक्कलचं तर विचारूच नका. अशा वेळी दुकानात बसूनच मोबाइलवरून गाडीतला एसी सुरू करता आला, तर नागपूरकराला ते चोचले वाटत नाहीत.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. मग टॉवर. मग गाडीचा डॅशबोर्ड.]

गाडी समोर उभी असली, तरी हा हुकूम तिच्याकडे सरळ जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर जातो आणि तिथून मोबाइल टॉवरमार्गे गाडीतल्या ई-सिमपर्यंत, म्हणजे आत कायम बसवलेल्या सिमपर्यंत पोहोचतो. दारं लॉक आहेत ना, गिअर पार्कमध्ये आहे ना, हे गाडी तपासते आणि मगच इंजिन सुरू होतं. बेसमेंटमध्ये रेंज गेली की ॲपवरचं चक्र नुसतं फिरत राहतं. आणि रेंज असली, तरी बंद गॅरेजमध्ये पेट्रोल-डिझेलची गाडी अशी लांबून सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भारतात अशा इंटरनेटने जोडलेल्या गाड्या २०१९ पासून रुजल्या. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आली, पाठोपाठ एमजीची हेक्टर.

[दृश्य: समृद्धी महामार्ग, धावत्या गाडीतून.]

नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. कारला वेगमर्यादा ताशी १२०. वडिलांनी ॲपमध्ये ठरवलेला वेग मुलाने ओलांडला की घरी त्यांच्या फोनवर सूचना येते. मुलाला ती आवडत नाही, ते सोडा. खरी कामाची गोष्ट म्हणजे छताजवळचं एसओएस बटण. अपघातात घाबरलेल्या माणसाला आपण नेमके कुठे आहोत, हे सांगता येत नाही. बटण दाबलं की मदत केंद्राला गाडीचं ठिकाण कळतं. अर्थात नेटवर्क हवं, आणि सेवेची वर्गणी चालू हवी. सुरुवातीची फुकट मुदत संपल्यावर ती भरायची अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

[दृश्य: जुन्या गाड्यांचा बाजार. हातात आरसी बुक, दोन चाव्या.]

आता जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. आपण दोन्ही चाव्या मोजून घेतो, पण तिसरी चावी आधीच्या मालकाच्या फोनमध्ये असते. अमेरिकेतल्या एका सायबरसुरक्षा तज्ज्ञाने २०१७ मध्ये स्वतःचाच अनुभव जाहीर केला. विकण्याआधी त्याने गाडीतली सगळी माहिती पुसली होती. तरी कित्येक वर्षांनंतरही त्याच्या ॲपवर ती गाडी दिसत होती, कुलूपही उघडता येत होतं. गाडीतली माहिती पुसली गेली. सर्व्हरवरच्या नोंदीत मालक तोच राहिला. आरटीओत नाव बदललं म्हणून ही नोंद आपोआप बदलत नाही.

म्हणून व्यवहाराच्या बैठकीतच विकणाऱ्याला त्याच्या ॲपमधून गाडी काढायला लावा. मग आपल्या नंबरवर नोंदणी करा, कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून जुनं खातं सुटल्याची खात्री करून घ्या. टोकन आधी दिलं तरी चालेल. उरलेली रक्कम त्यानंतर.