गडावरच्या दोन मधमाश्या: आग्या आणि सातेरी

नमस्कार मंडळी! मागच्या कड्याकडे बघा. त्या कपारीखाली अर्धचंद्रासारखं काळपट काहीतरी लटकलंय ना? ते आग्यामोहोळ. म्हणून मी एवढ्या लांब थांबून बोलतेय.

सह्याद्रीत फिरताना आग्या आणि सातेरी, दोघीही भेटतात. सातेरी जेमतेम सेंटिमीटरभर, आग्या तिच्या जवळजवळ दुप्पट. पण खरा फरक आहे तो घराचा.

सातेरीला अंधार लागतो. झाडाची ढोली, दगडांतली फट, आणि आत एकाशेजारी एक टांगलेली पोळी. म्हणूनच ती लाकडी पेटीतही नांदते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, ते या पेट्यांच्या जोरावर.

आग्याचं पोळं एकच, कधी मीटरभर रुंद, आणि तेही उघड्यावर. ना भिंत, ना दार. मग राखण कोण करणार? माश्याच! एकमेकींना धरून त्या पोळ्यावर अंगाचा पडदा करतात. दुर्बिणीतून बघाल तर गांधीलमाशी जवळ आली की काही माश्या पोटाचं टोक झटकन वर उचलतात, लगेच शेजारणी, मग त्यांच्या शेजारणी. क्षणात अख्ख्या पोळ्यावरून लाट सरकते, वाऱ्यानं ज्वारीचं शेत हलावं तशी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली भाकरी हातातच राहिली होती.

सातेरीचीही एक युक्ती ऐका. दारात आलेल्या गांधीलमाशीला त्या चहूबाजूंनी घेरतात, घट्ट गोळा करतात आणि अंगाच्या उबेनं ४५ अंशांच्या आसपास तापवून मारतात.

घर उघडं, म्हणून आग्या तापट. धूर, उग्र वासाचा स्प्रे, भिरकावलेला दगड, एवढं पुरतं. एकीनं डंख मारला की तिथं सुटलेल्या वासावर बाकीच्या धावून येतात. त्यामुळे हात झटकू नका. डोकं-तोंड कापडानं झाका आणि कड्याच्या टोकाकडे न जाता लांब निघा. थांबलात की काटे नखानं खरवडून काढा. डंख बरेच असतील किंवा धाप लागली, तर थेट दवाखाना गाठा.

आणि हो, फुलोरा सरला की आग्या उठून दुसरीकडे जाते. पण पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच कपारीत परतते. त्यामुळे कड्यावर जुन्या मेणाचे नुसते डाग दिसले, तरी त्याखाली चूल मांडू नका.