400 मीटरचं वर्तुळ कुठे फसतं?

[नकाशा कॅमेऱ्यासमोर]

चालत सगळं मिळेल अशा वस्तीचा कुठलाही आराखडा उघडा, त्यात हे वर्तुळ असतंच. त्रिज्या 400 मीटर, साधारण पाच मिनिटांची चाल. शाळा, दुकानं, बसथांबा आत बसले की काम फत्ते! पण त्रिज्येवरून कोणी चालत नाही हो.

ही दोन घरं बघा. पाठीला पाठ, मध्ये कुंपणाची भिंत. दोन्हींच्या गल्ल्या पुढे बंद. म्हणजे इथून तिथे जायचं तर मुख्य रस्त्यापर्यंत वळसा. शंभर मीटरचं अंतर सहज किलोमीटरभर होतं. म्हणून प्रत्यक्ष चालीला सरळ अंतराने भागा. उत्तर दीडच्या आत हवं, नाहीतर लोक गाडीच काढणार. त्यासाठी गट, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेले इमारतींचे चौकोन, लहान ठेवायचे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यभागात गटाची बाजू 61 मीटर आहे, बार्सिलोनात अभियंता सेर्दाच्या 1859 च्या आराखड्यात 113. त्याहून मोठा गट झाला तर मधून पायवाट काढा आणि ती मंजूर नकाशातच दाखवा, नाहीतर पुढेमागे तिथे गेट लागतं.

आता गिऱ्हाईक. या वर्तुळात 50 हेक्टर जमीन येते. हेक्टरी 15 घरं, तर 750 कुटुंबं. हेक्टरी 60, तर 3,000. दुकान चालणार की नाही, ते इथेच ठरतं. आणि हेक्टरी 60 घरांना टॉवर लागत नाहीत, तीन-चार मजले पुरतात.

तरीही प्रत्येक तळमजल्यावर दुकानाची सक्ती नको. बंद शटरांच्या रांगेतून संध्याकाळी कोण चालणार? दुकानं चौकात आणि मुख्य रस्त्यावर. बाकीकडे तळमजला साडेचार मीटर उंच बांधा, स्लॅब फुटपाथच्या पातळीला. सध्या घर असेल तर आत अर्धा मीटर उंच लाकडी तळ टाका, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर थेट खोलीत पडत नाही. उद्या दुकान आलं की तळ काढायचा. खानावळ आली तर तिच्या स्वयंपाकघराच्या धुराची नळी जाईल एवढी उभी जागा मात्र गच्चीपर्यंत आधीच सोडा. नंतर ती वरच्या लोकांच्या घरातूनच काढावी लागते, आणि ते कोणी काढू देत नाही.

राहिलं पार्किंग. एका गाडीला वळायच्या जागेसकट 25 ते 30 चौरस मीटर लागतात. घरटी दोन गाड्यांची सक्ती केली की 60 घरांपायी हेक्टरचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. दिवसा ऑफिसवाले आणि रात्री रहिवासी अशी तीच जागा दोघांनी वापरली, तर बरीच वाचते. फक्त ऑफिसं त्याच गटात हवीत.