बारा आठे शहाण्णव

(पडदा काळा. नाडीचे ठोके ऐकू येतात.)

बारा आठे?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इटलीत, अँजेलो मॉसो या शरीरशास्त्रज्ञानं एका शेतकऱ्याला हाच गुणाकार घातला. जखमेमुळे त्या माणसाच्या कवटीला भोक पडलं होतं आणि आतल्या मेंदूची धडधड बाहेरून मोजता येत होती. तो आकडेमोड करू लागला आणि धडधड वाढली. हाताची नाडी मात्र होती तशीच.

डोकं चाललं की तिथं रक्त जास्त धावतं. आजचं एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं एमआरआय, याच खुणेवर चालतं, फक्त कवटी फुटायची वाट पाहावी लागत नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळा प्रतिसाद देतं, आणि हा फरक जिवंत मेंदूत एमआरआयवर दिसतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर दाखवलं.

(मशीनचा खडखडाट.)

आत माणूस उताणा पडलाय. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा दाबून बसवलेल्या. समोर चेहऱ्यांचे फोटो, थोड्या वेळानं वस्तूंचे. मग चेहऱ्यांच्या वेळच्या नोंदीतून वस्तूंच्या वेळची नोंद वजा करायची. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी हे केलं, तेव्हा मेंदूच्या तळाशी, बहुतेकांच्या उजव्या बाजूला, एक छोटा भाग उरला. चेहरे पाहताना तो जास्त काम करत होता.

म्हणजे बातमीत 'अमक्याचं केंद्र सापडलं' म्हणून जो लाल-पिवळा ठिपका छापतात, तो फोटो नव्हेच. ती वजाबाकीची बाकी आहे. उरलेला मेंदू काही झोपलेला नसतो. दोन्ही वेळा तो सारखाच राबला, म्हणून हिशेबातून उडाला. वस्तूंऐवजी दुसरं काही वजा केलं, तर ठिपकाही बदलू शकतो.

आणि ही वजाबाकी एकदा नाही, मेंदूच्या हजारो चिमुकल्या ठोकळ्यांवर वेगवेगळी होते. इतक्यांदा नाणं उडवलं तर कुठेतरी सलग दहा छापे पडणारच.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक सामन मासा मशीनमध्ये ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि रीतसर विचारलं, यांना काय वाटत असेल? माशाच्या डोक्यात ठिपका उमटला.

मासा मेलेला होता.

हजारो तपासण्यांचा हिशेब धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा ठिपका गेला.