आधी फोन, की आधी निघायचं?

(दृश्य: भामरागड, जुलै महिना. जुन्या पुलावरून वाहणारं पर्लकोटेचं गढूळ पाणी.)

पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती. या तीन नद्यांच्या संगमावर, छत्तीसगडच्या सीमेला लागून भामरागड वसलंय. मोठा पाऊस झाला की पर्लकोटेवरचा हा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा आलापल्लीकडे जाणारा रस्ता बंद पडतो. गडचिरोलीचं जिल्ह्याचं रुग्णालय इथून १८० किलोमीटरच्या आसपास आहे. अशा भागात रात्री एखादीच्या कळा सुरू होतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच असतो: आधी फोन करायचा, की आधी निघायचं?

पुण्याच्या सोसायटीतही हाच प्रश्न पडतो. तिथे दवाखाना वीस मिनिटांवर असतो. फोन लावला की सिस्टर विचारते, कळा किती मिनिटांनी येतायत? पाणी गेलंय का? पहिलटकरीण असेल, दिवस भरलेले असतील, कळा अजून लांब-लांब असतील आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ती सांगते, थोडं खा, चाला, घरीच थांबा, वाढल्या की या. हा सल्ला बरोबर आहे. पहिल्या खेपेला बारा तास आणि त्याहून जास्तही लागू शकतात, आणि सुरुवातीचा वेळ आपल्या घरात, आपल्या माणसांत बरा जातो.

भामरागडच्या आतल्या पाड्यावर तोच सल्ला घात करू शकतो. "वाढल्या की या" हे वाक्य रस्ता गृहीत धरतं. जिथे नाला उतरायला सकाळ उजाडेल, जिथे आधी खाटेवरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं आहे, तिथे पहिली नेमाने येणारी कळ हीच निघण्याची वेळ. २०२४ च्या जुलैत याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पाण्यापलीकडे न्यावं लागलं होतं. म्हणून फोनवर सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की आम्ही कुठे आहोत आणि मधे पाणी आहे का.

(दृश्य: टेकाडावर मोबाइल उंच धरून उभा असलेला तरुण.)

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली एक मांडणी केली. बाळंतपणात बायका का दगावतात, हे समजून घ्यायला ती आजही वापरली जाते. उशीर तीन ठिकाणी होतो, असं त्यांनी दाखवलं. घरात ठरवायला, वाटेत पोहोचायला, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला.

तिसऱ्या उशिराकडे आपलं लक्ष फार कमी जातं. गाडी दारात लागते आणि मग कळतं, भूलतज्ज्ञ आज नाही. किंवा रक्त नाही. पुन्हा गाडीत बसा, पुढच्या गावी चला. अंगावरून जोरात रक्त जाणाऱ्या बाळंतिणीला काही तासांत मरण येऊ शकतं. अशा वेळी चुकीच्या दारात गेलेला एक तास परत मिळत नाही. आधीचं सिझर असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल, रक्त कमी असेल, सिकलसेल असेल (हा रक्ताचा आनुवंशिक आजार या जिल्ह्यात बऱ्याच घरांत आहे), तर निघण्यापूर्वीचा फोन याचसाठी करायचा. कुठल्या दारात जायचं ते त्या फोनवर ठरतं. आणि गाडी वाटेत असताना तिकडे तयारी सुरू होते.

पण घराघरात फोन होतो तो परवानगी मागितल्यासारखा. "येऊ का मॅडम?" असा. आणि पुष्कळदा होतच नाही. "उगाच त्रास कशाला, परत पाठवलं तर लोक काय म्हणतील." मला हे फार लागतं. परत पाठवलं तर पाठवलं. बाईला तपासून "अजून वेळ आहे" म्हणून सांगितलं, यात कुणाचंही काही बिघडलेलं नसतं. तिचा हक्कच आहे तो. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, घरून नेणं आणि परत सोडणं, सगळं मोफत आहे. गरोदर मातांसाठी १०२, तातडीसाठी १०८. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली, आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो.

जमलं तर फोन तिच्याच हातात द्या. कळ आल्यावर ती बोलू शकते, की मधेच थांबते, हे ऐकूनच अनुभवी सिस्टरला बरंच कळतं. माता-बाल कार्ड समोर ठेवा, कितवं बाळंतपण, कितवा महिना, रक्तगट, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

(दृश्य: रात्री धावणारी रुग्णवाहिका. निवेदन थोडं जलद.)

काही खुणा अशा, की त्या दिसल्यावर सल्ल्याची वाट बघायची नाही. भळाभळा रक्त जाणं. झटके. डोकं फुटेल इतकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. हिरवट पाणी. बाळाची हालचाल मंदावणं किंवा थांबणं. नऊ महिने भरायच्या आत कळा. गाडी बोलवा, निघा, आणि दवाखान्याला फोन वाटेत करा. नाळ बाहेर दिसली तर बाईला गुडघ्यांवर ओणवं करून कंबर वर ठेवा, आणि गाडीत नेताना डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली उशी ठेवा.

आणि बाळाचं डोकंच दिसायला लागलं असेल, तर निघू नका. १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. बाळ कोरडं पुसून आईच्या छातीशी धरा, वर पांघरूण. वार ओढायची नाही.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातलं माहेरघर. ओसरीवर बसलेल्या दोन गरोदर बायका.)

जिथे नेटवर्कच नाही, तिथे फोनवर विसंबून राहताच येत नाही. त्यासाठी हे माहेरघर आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाईनं इथे येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस, जेवणखाण मोफत. तरी सगळ्या येत नाहीत. भातलावणीचे दिवस असतात, घरी पोरं असतात, शेळ्या असतात. आशाताई उंबरठ्यावर बसून तासतासभर समजावते, तेव्हा ती याच गोष्टींवर बोलत असते: रोवणीला कोण जाईल, थोरल्याला कोण बघेल.

हे बोलणं आठव्या महिन्यात व्हायला हवं, शहरातही. रात्री दवाखान्यात फोन कोण उचलतं? तो नंबर लागतो का, हे एकदा लावून बघितलंय का? सिझरची वेळ आली तर तिथेच होईल, की पुढे पाठवतील? डॉक्टरांना हे विचारताना संकोचू नका. आणि दवाखान्यांनीही प्रसूतिकक्षाचा फोन रात्रीचा उचलला जाईल, याची नावानिशी जबाबदारी कुणावर तरी टाकावी. कार्डावर एखाद्या सिस्टरचा खासगी नंबर असतो, तिची बदली होते, आणि कार्डावर जुनाच नंबर राहतो. तो आजच तपासा. बदलला असेल तर खोडून नवा लिहा, आणि कार्डाचा फोटो नवऱ्याच्या, सासूच्या आणि आशाताईच्या मोबाइलमध्ये ठेवा.