जखमी कोण, कुठल्या गाडीतला?

दगडखाणीतला कच्चा रस्ता. माल भरलेला अवजड ट्रक वळण घेतो आणि समोरून भरधाव आलेली चारचाकी ऑफ-रोड गाडी, म्हणजे एटीव्ही, त्याच्यावर आदळते. ट्रकचालकाचं उजव्या मनगटालगतचं हाड मोडतं. सुदैवानं कातडी फाटलेली नाही.

अमेरिकेत अशी केस मेडिकल कोडरकडे, म्हणजे आजार-दुखापतींना ठरलेले कोड लावणाऱ्याकडे येते, तेव्हा त्याच्या हातात फक्त डॉक्टरांची नोट असते. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडपद्धत लागू आहे. आधी दुखापतीचा कोड लागतो: एस५२.५०१ए. अपघाताचा कोड पहिल्या जागी कधीच बसत नाही. दुखापत कशी झाली, हे तो तिच्या मागून सांगतो.

गफलत होते ती इथे. नोटमध्ये ‘एटीव्ही’ दिसलं की हात व्ही८६कडे वळतो. पण व्ही८६ आहे एटीव्हीत बसलेल्यांसाठी. आधी बघायचं, जखमी माणूस स्वतः कशात होता. आपला माणूस अवजड ट्रकमध्ये होता, म्हणून त्याचा कोड व्ही६० ते व्ही६९ याच गटात शोधायचा. तो पिकअप चालवत असता, तर गट बदलून व्ही५० ते व्ही५९ झाला असता. त्यासाठी गाडीचं वजन बघतात आणि ती चालवायला खास परवाना लागतो का, तेही. नुसतं ‘ट्रक’ लिहून भागत नाही.

पुढचा प्रश्न रस्त्याचा. अपघात खाणीच्या आवारात झाला, सार्वजनिक रस्त्यावर नाही. म्हणून व्ही६९.०९एक्सए. नोटमध्ये जागाच लिहिली नसेल, तर नियमाप्रमाणे अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाला असं धरतात आणि कोड होतो व्ही६९.४९एक्सए. एका आकड्यानं खाणीतला अपघात हायवेचा होऊन बसतो. खाणीतल्या कामगारांच्या सुरक्षिततेचा हिशोब मांडणाऱ्याला तो मग सापडणारच नाही. डॉक्टरांनी लिहिलेली एक ओळ एवढी महत्त्वाची असते. ती नसेल तर कोडरनं मनानं भरू नये, डॉक्टरांना विचारावं.

जागेसाठी वाय९२.६४, म्हणजे खाण. पगारी काम चालू होतं, म्हणून वाय९९.०. हे दोन्ही कोड एकदाच लावायचे, उपचाराच्या सुरुवातीला.

दुखापतीच्या आणि अपघाताच्या कोडांमधल्या शेवटच्या ‘ए’ अक्षरानं बरेच जण फसतात. तो पहिल्या भेटीपुरता नसतो. प्रत्यक्ष उपचार चालू आहेत तोवर ‘ए’च राहतो, इमर्जन्सीनंतर दुसऱ्या सर्जननं हाड बसवण्याचं ऑपरेशन केलं, तरीही. नंतर प्लास्टर बदलायला पेशंट आला की दोन्ही कोडांना ‘डी’ लागतो. हाड जुळलंच नाही, तर दुखापतीच्या कोडला ‘के’ येतो. अपघाताचा कोड मात्र ‘डी’वरच राहतो.